चार दिवसांनी होणारी शी आणि औषधाच्या सवयीची भीती

प्रश्न: मुलगा साडेचार वर्षांचा, वजन 15 किलो. गेलं दीड वर्ष त्याला चार-पाच दिवसांनी एकदा शी होते. ती जाड आणि कडक असते, कधीकधी वर रक्ताची रेघ असते. शी आली की पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभा राहतो, बसवलं की रडतो. आता तर दिवसातून तीन-चार वेळा चड्डीला पातळ शी लागते. डॉक्टरांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर रोज द्यायला सांगितली होती. आठवड्यात पातळ व्हायला लागलं म्हणून आम्ही बंद केली. सासूबाई म्हणतात, रोज औषध दिलं तर सवय लागेल, त्यापेक्षा एरंडेल द्या. केळी, पालेभाज्या, कोमट पाणी सगळं करून झालं. औषध परत सुरू करू का? आणि किती दिवस द्यायचं?

उत्तर: हो, सुरू करा. फक्त या वेळी हिशोब दिवसांचा नको, महिन्यांचा ठेवा. औषध बरोबर होतं, ते फार लवकर थांबलं आणि बहुधा डोसही कमी होता. माझ्याकडे येणाऱ्या अशा मुलांपैकी बहुतेकांची कहाणी हीच असते: औषध सुरू, चार दिवसांत बरं वाटलं, बंद, महिन्याभरात पुन्हा तेच. मग पुढच्या वेळी घरचे म्हणतात, "त्या औषधाचा काही उपयोग झाला नाही."

आधी तो पडद्यामागे काय करतो ते सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावरून कळतं. टाचा उचललेल्या, मांड्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या, हाताने खुर्ची किंवा कपाटाची कड धरलेली, तोंड लाल, अंगाला कंप. बघणाऱ्याला वाटतं बिचारा कुंथतोय आणि होत नाहीये. तसं नाही. तो सगळा जोर लावून शी आत अडवतोय. कधीतरी एकदा खडा झाला, गुदद्वाराला चीर पडली, आग झाली. तेवढं पुरतं. त्यानंतर शीची कळ आली की तो ती परतवून लावतो. आत राहिलेल्या शीतलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं, ती आणखी जाड आणि कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं आणि भीती पक्की होते. एक ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये दिसणारी बद्धकोष्ठता बहुतांशी याच जातीची असते. आतड्यात दोष नसतो. मुलाला दुखण्याची आठवण असते.

चड्डीला लागणाऱ्या पातळ शीबद्दल तर मला पुन्हापुन्हा सांगावं लागतं. ते जुलाब नाहीत. महिनोन्‌महिने शी साठून गुदाशय ताणला जातो, सैल पडतो आणि भरल्याची जाणीवच कमी होते. वरून येणारी पातळ शी त्या कडक गोळ्याच्या कडेने झिरपत खाली येते. मुलाला ती कळत नाही, म्हणून तो "मला माहीत नाही" म्हणतो तेव्हा खरं बोलत असतो. त्याला रागावू नका, "एवढा मोठा झालास तरी" हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. आणि हे जुलाब समजून पावडर थांबवणं, ही या आजारात होणारी सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. तुमच्याकडे नेमकं तेच झालेलं दिसतंय.

आता उपचार. आत जुना गोळा बसलेला असताना रोजचा लहान डोस दिला तर तो फक्त गळती वाढवतो. म्हणून आधी आतडं पूर्ण रिकामं करायचं आणि मगच रोजचा डोस. गोळा आहे का, हे डॉक्टर पोट चाचपून सांगतात. बेंबीच्या खाली, बहुधा डावीकडे, तो हाताला लागतो. त्यासाठी एक्स-रे किंवा सोनोग्राफी सहसा लागत नाही.

रिकामं करण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल दिवसाला दर किलो वजनामागे 1 ते 1.5 ग्रॅम देतात, तीन ते सहा दिवस. तुमच्या मुलाच्या वजनाला म्हणजे दिवसाला 15 ते 22 ग्रॅम. हा आकडा बघून अनेक आई-वडील दचकतात, कारण आधी ते एखादा चमचा देत असतात. पण हा डोस सर्वमान्य आहे, फक्त तुमच्या डॉक्टरांनी तपासून, पाकीट बघून ठरवायला हवा. दिवसभरात दोन-तीन वेळा वाटून द्या. सुरुवात शाळेला सुट्टी असेल तेव्हा करा. पहिले एक-दोन दिवस गळती वाढेल, पोटात गुडगुड होईल, कदाचित काहीच बाहेर येणार नाही. मग मोठे गोळे येतील, नंतर पातळ. गोळे संपून तपकिरी पाण्यासारखं येऊ लागलं की आतडं रिकामं झालं समजायचं. हिरवी उलटी झाली, पोट फुगून टणक झालं, मूल मलूल पडलं, तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा.

एनिमानेही हे काम होतं, परिणाम जवळपास सारखाच असतो. पण ज्या मुलाला त्याच जागेची धास्ती आहे त्याला धरून, पाय दाबून एनिमा द्यायचा म्हणजे भीतीत भर घालायची. तोंडाने जमत असेल तर मी एनिमाच्या वाटेला जात नाही. मेडिकलमधून फॉस्फेटचा एनिमा आणून घरच्या घरी तर कधीच देऊ नका. लहान मुलांत त्याने रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं.

एक काळजी दुकानात घ्या. याच नावाची मोठी पाकिटंही मिळतात, ती कोलोनोस्कोपीआधी मोठ्या माणसांचं आतडं धुऊन काढण्यासाठी असतात. काउंटरवर गर्दी असली की अदलाबदल होऊ शकते. चिठ्ठीवर लिहिलेले ग्रॅम आणि पाकिटावरचे ग्रॅम तिथेच जुळवून बघा.

रिकामं झालं की दुसऱ्याच दिवसापासून रोजचा डोस. दर किलोला साधारण 0.4 ग्रॅमने सुरुवात, म्हणजे तुमच्याकडे दिवसाला 6 ग्रॅम. लागेल तसं 0.8 पर्यंत, म्हणजे 12 ग्रॅमपर्यंत नेता येतं. शी रोज किंवा दिवसाआड, पिकल्या केळ्याइतकी मऊ आणि न दुखता व्हायला हवी. फार पातळ झाली तर डोस थोडा कमी करा, पण बंद करू नका. कडक वाटली तर थोडा वाढवा. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस थांबून बघा, रोज वरखाली करत बसू नका. पावडर पाण्यात पूर्ण विरघळवून द्यायची, अर्धा ते पाऊण कप पाणी तरी हवं, कारण ही पावडर ज्या पाण्यात विरघळते तेच पाणी धरून शीपर्यंत नेते. कोरडी किंवा दोन घोटांत कालवलेली पावडर देण्यात अर्थ नाही. क्षार नसलेल्या पावडरीला फारशी चव नसते, कोकम सरबतात घातली तर मुलांना पत्ताही लागत नाही. क्षार असलेली किंचित खारट लागते. दोन्ही चालतात. मूल जी पिईल ती चांगली.

आता सवयीचं.

सासूबाईंची भीती हवेतून आलेली नाही. त्यांच्या पिढीने जुलाब म्हणून जे पाहिलं ते एरंडेल आणि सोनामुखी: पोटात मुरडा येऊन चार वेळा धावायला लावणारं, दुसऱ्या दिवशी गळून टाकणारं. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं काम निराळं आहे. ते आतड्याला ढोसत नाही. त्याचा मोठा रेणू आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलाच जात नाही, तो आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो आणि शीबरोबर बाहेर पडतो. आतडं त्याच्यामुळे आळशी होत नाही आणि तोच परिणाम मिळवायला दर महिन्याला डोस वाढवत न्यावा लागत नाही. औषध बंद केल्यावर त्रास परत येतो त्याला लोक सवय म्हणतात. प्रत्यक्षात गुदाशय अजून पूर्वपदाला आलेला नसतो आणि मूल दुखणं विसरलेलं नसतं. दम्याचा पंप मध्येच सोडल्यावर दमा उठला तर आपण पंपाची सवय लागली म्हणत नाही, इथेही तसंच आहे.

मग किती दिवस? युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी 2014 मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान दोन महिने, आणि सगळा त्रास थांबून किमान एक महिना झाल्याशिवाय डोस कमी करायला घ्यायचा नाही. हे किमान. भारतातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018 च्या सूचनांमध्येही एक वर्षावरच्या मुलांसाठी पहिली पसंती याच औषधाला आहे. दीड वर्ष मुरलेल्या आणि चड्डीला लागण्यापर्यंत गेलेल्या बद्धकोष्ठतेला माझ्या अनुभवात सहा महिने सहज लागतात, पुष्कळदा वर्षही. विशेषज्ञांकडे पोचलेल्या मुलांतली साधारण निम्मी सहा ते बारा महिन्यांत औषधाशिवाय नीट होतात, उरलेल्यांना जास्त काळ लागतो. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तिसऱ्या महिन्यात "अजून किती?" असं वाटलं तरी पाकीट बाजूला ठेवलं जात नाही. थांबवतानाही एकदम नाही: दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण पाव हिस्सा कमी करत, शी मऊ राहतेय ना ते बघत.

एरंडेल नको. कळ अचानक आणि जोराची येते, मूल आणखी घाबरतं, आणि चार दिवसांनी पुन्हा जैसे थे. साबणाची कांडी किंवा तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ लावण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. कृपा करून ते थांबवा. साबणाने आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते आणि जिथे आधीच चीर आहे तिथे कुणी काही घालतंय एवढंच मुलाच्या लक्षात राहतं. ग्लिसरीनची कांडी अडीअडचणीला एखाद्या वेळी चालेल, रोजचा उपाय म्हणून नाही. बाजारातल्या पोट साफ करणाऱ्या चूर्णांत बऱ्याचदा सोनामुखीच असते आणि मुलाच्या वजनाला किती हे डब्यावर नसतं. इसबगोल लहान मुलाला देऊ नका. ते पुरेशा पाण्याशिवाय घशात अडकू शकतं आणि आत गोळा बसलेला असेल तर त्यावर आणखी चोथा चढवून काही साधत नाही.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात. लॅक्टुलोज चांगलं औषध आहे, सुरक्षित आहे, एक वर्षाखालच्या बाळांना मी तेच देते. पण मोठ्या मुलांत त्याचा परिणाम पॉलिएथिलीन ग्लायकॉलपेक्षा कमी पडतो आणि आतड्यातले जिवाणू ते आंबवतात म्हणून गॅस होतो. शिवाय ते फार कमी डोसमध्ये दिलं जातं. 5 मिलीच्या चमच्यात साधारण 3.3 ग्रॅम लॅक्टुलोज असतं आणि दिवसाला लागतं दर किलोला 1 ते 2 ग्रॅम. 15 किलोच्या मुलाला रात्री एक चमचा देऊन "फरक नाही" म्हणण्याला काय अर्थ आहे? निदान चार-पाच चमचे लागतील. पातळ पॅराफिनची, म्हणजे तेलकट औषधं तान्ह्या बाळांना आणि गिळण्यात अडचण असलेल्या मुलांना वर्ज्य. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून तर मुळीच नाही, ते तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट, सोनामुखीची प्रमाणित गोळी ही आतड्याला चालना देणारी औषधं आम्हीही वापरतो, पण पूर्ण डोसमध्ये पावडर देऊनही भागत नसेल तेव्हा, जोडीला आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

औषधाइतकंच बसणं महत्त्वाचं. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, तो वेळ पकडा. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटं बसवा, त्याहून जास्त नाही, मोबाइल हातात नाही. सकाळी सातची व्हॅन असेल तर सकाळचा हट्ट सोडून द्या, त्या घाईत कुणालाच होत नाही. भारतीय संडासावर उकिडवं बसणं उत्तम. कमोड असेल तर पाय लोंबकळता कामा नयेत: पायाखाली पाट किंवा स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर, थोडं पुढे वाकून. सीट मोठी असेल तर लहान मुलांची सीट वर ठेवा, आत पडण्याची भीती असलेलं मूल अंग सैल सोडत नाही. शाबासकी बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नाही, कारण बसणं त्याच्या हातात आहे. पहिले काही आठवडे शी मऊ होऊन भीती जाईपर्यंत बसायचा आग्रहही नको. त्याला उभ्याने किंवा डायपरमध्येच करायची असेल तर करू द्या. आत्ता महत्त्वाचं एवढंच की ती बाहेर आली आणि दुखली नाही.

शाळेत चौकशी करा. पुष्कळ मुलं शाळेचा संडास घाण, कडी नाही, पाणी नाही म्हणून दिवसभर अडवून धरतात, काही तर पाणीच पीत नाहीत. बाईंना भेटून सांगा की हा हात वर करेल तेव्हा याला न विचारता जाऊ द्या. दप्तरात एक जादा चड्डी आणि पिशवी ठेवा.

खाण्याबद्दल तुम्ही केलंत ते चांगलंच केलंत, आणि त्याने हे बरं झालं नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही. एकदा हे चक्र बसलं की निव्वळ आहाराने ते तुटत नाही. वयाच्या आकड्यात पाच मिळवले की जेवढे येतात, तेवढे ग्रॅम चोथा रोज पोटात जावा असा ढोबळ नियम आहे, म्हणजे तुमच्या मुलाला नऊ-दहा ग्रॅम. भाकरी, उसळ, एक पेरू किंवा भिजवलेले दोन-तीन अंजीर एवढ्यात ते होतं. त्याहून जास्त चोथा किंवा तांब्याने पाणी पाजून फायदा होतो असं दिसलेलं नाही. दूध मात्र विचारा स्वतःला. बाटलीने दिवसाला लिटरभर दूध पिणारं चार वर्षांचं मूल मला दर आठवड्याला भेटतं. त्याचं पोट दुधानेच भरतं आणि भाजी-भाकरीला जागा राहत नाही. दोन कप पुरे, म्हणजे 400 ते 500 मिली, आणि कपाने. काही थोड्या मुलांत गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी हेच कारण असतं. औषधांना दाद न देणाऱ्या मुलात दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून बघतात, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने.

चीर पडलेली असेल तर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसवणं आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम, बस. शी मऊ राहिली की ती आपोआप भरते.

आता अशा गोष्टी, ज्या असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तपासणी. जन्मानंतर पहिली काळी शी 48 तासांत झाली नव्हती, किंवा त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे. पोट कायम फुगलेलं. हिरव्या उलट्या. वजन-उंची वाढत नाही. माकडहाडाच्या वर केसांचा पुंजका, खोल खड्डा, पायात जोर कमी, लघवीवर ताबा नाही. यांत हिर्शस्प्रुंग हा आजार असू शकतो, ज्यात आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात. साधारण 5000 बाळांत एकाला तो असतो आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. मणक्याचा दोष, थायरॉइडची कमतरता, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलियाक आजार हेही यादीत. तुम्ही लिहिलेल्या वर्णनात यातलं काही नाही, तरी जन्मानंतरच्या पहिल्या शीची आठवण करून डॉक्टरांना सांगा.

घरात तान्हं बाळ असेल तर एवढं लक्षात असू द्या: फक्त अंगावर पिणारं बाळ सात-आठ दिवस शी करत नसेल पण झाली की मऊ होत असेल, पोट मऊ असेल, वजन वाढत असेल, तर ती बद्धकोष्ठता नाही. काही करू नका. गुटीत मध मात्र एक वर्षापर्यंत कधीच नको. त्यातल्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो आणि त्याचं पहिलं लक्षण बद्धकोष्ठता हेच असतं.

पावडर सुरू केल्यावर आठवड्याने एकदा दाखवा, आतडं खरंच रिकामं झालंय का ते हाताने बघायला हवं. नंतर महिन्याने. कॅलेंडरवर रोज तीनच गोष्टी लिहा: शी झाली का, कडक की मऊ, चड्डीला लागलं का. दोघांपैकी जो कुणी दवाखान्यात येईल त्याच्या आठवणीपेक्षा ते पान जास्त कामाचं असतं. पूर्ण डोस दोन-तीन महिने नियमित देऊनही कॅलेंडर बदललं नाही, तर थायरॉइड आणि सिलियाकची रक्ततपासणी करून बालपोटविकार तज्ज्ञांकडे जा.

ताप आला, गावाला गेलात, परीक्षा आली की गाडी थोडी घसरते. जुलाब-उलट्यांचा खरा आजार झाला तर तेवढे दिवस पावडर थांबवून ओआरएस द्या आणि बरं वाटताच पुन्हा सुरू करा. औषध पूर्ण बंद झाल्यावरही पुढचं वर्षभर एखादं पाकीट घरात असू द्या. दोन दिवस शी झाली नाही आणि तो पुन्हा पाय आवळताना दिसला, तर त्याच संध्याकाळी जुना डोस सुरू करा आणि डॉक्टरांना फोन करा, पाचव्या दिवसाची वाट पाहू नका.